नाताळच्या केकची तयारी करवंदांपासून

नाताळच्या केकमध्ये लाल चेरी हवीच, असा मुलांचा हट्ट असतो. ती आपण बाजारातून पुडीने आणतो. पण या स्वस्त ‘चेरी’त पुष्कळदा करवंदेच असतात! बिया काढून, पाकात मुरवून, वर लाल रंग चढवलेली. खरी चेरी काश्मीर-हिमाचलच्या थंडीत पिकते. आदिलाबादच्या उन्हात ती यायची नाही. करवंद मात्र आपल्या रानात आणि बांधावर आहे. आपले तेलुगू शेजारी त्याला वाक्काय म्हणतात व डाळीत घालतात. आपण ते पाखरांना सोडतो आणि त्याचेच रंगवलेले रूप पैसे मोजून घेतो, हे आम्हांला पटत नाही.

तेव्हा भगिनींनो, केकची तयारी करवंदाच्या हंगामातच करावी. रानची करवंदे वैशाख-ज्येष्ठात येतात, लावलेल्या झाडांची पावसाळ्यात. डिसेंबरात जैनथ, बेला भागात कापसाची वेचणी चालू असते. त्या वेळी पाक आटवीत बसायला सवड कोणाला?

लाली धरू लागलेली, पण टणक अशी १ किलो करवंदे घ्यावीत. उभी चिरून बिया काढाव्यात आणि चीक जाण्यासाठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावीत. सकाळी दोन-तीनदा धुऊन उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटे ठेवून निथळावीत. भांडे स्टीलचे किंवा चिनी मातीचे असावे. फळ फार आंबट असल्याने तांब्याचे वा ॲल्युमिनियमचे नको. साखरही १ किलोच लागते, पण ती एकदम घालू नये, नाहीतर फळ आक्रसते. पहिल्या दिवशी अर्ध्या साखरेच्या पाकात करवंदे बुडवावीत. पुढचे तीन दिवस रोज पाक गाळून, त्यात थोडी साखर घालून उकळावा व पुन्हा करवंदांवर ओतावा. शेवटी पाक मधासारखा दाट झाला पाहिजे. पातळ राहिला तर पावसाळ्यात बुरशी धरलीच म्हणून समजा. कोरड्या बरणीत भरून, कोरड्या चमच्यानेच काढावीत. रंग फिकट गुलाबी राहील, राहू द्यावा.

केकसाठी मैदा २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, अंडी ४ आणि बेकिंग पावडर २ लहान सपाट चमचे घ्यावे. मैद्याचा चौथा भाग ज्वारीचे पीठ चालते. त्याहून जास्त घातल्यास केक भुगा होतो. लोणी-साखर फेसून त्यात एकेक अंडे घालावे, मग चाळलेले पीठ हलक्या हाताने मिसळावे. निम्मे मिश्रण तूप लावलेल्या डब्यात ओतून वर निथळलेली २०० ग्रॅम करवंदे पसरावीत. ती आधी कोरड्या मैद्यात घोळवावीत, म्हणजे तळाशी बसत नाहीत. वर उरलेले मिश्रण घालावे.

भट्टी नसली तरी अडत नाही. जाड पातेल्यात वाळू तापवून, त्यात कडे ठेवून वर डबा ठेवावा. पातेल्यावर झाकण व झाकणावर थोडे निखारे. खालचा जाळ मंद हवा. पहिला अर्धा तास झाकण उघडू नये, केक बसतो. तासाभराने खराट्याची स्वच्छ काडी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की झाले.

आरोग्याचे म्हणाल तर केक हा सणाचाच पदार्थ. मधुमेह असलेल्यांनी चवीपुरताच घ्यावा. आणि एक सांगितलेच पाहिजे. करवंद कण्हेरीच्या कुळातले आहे. त्याच कुळातल्या पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे फळ विषारी असते व हृदयावर परिणाम करते. करवंदे तोडायला मुलांना पाठवताना दोन्ही झाडे दाखवून द्यावीत.

ज्यांच्या बांधावर करवंद नाही त्यांनी पूर्ण पिकलेल्या फळांचे ताजे बी पावसाच्या सुरुवातीला पिशव्यांत पेरावे. पुढच्या पावसाळ्यात हात-दोन हात अंतरावर रोपे लावावीत. काटेरी कुंपण दाट झाले की गुरे आत शिरत नाहीत.