अ स्टडी इन स्कार्लेट

अ स्टडी इन स्कार्लेट ही स्कॉटिश लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी लिहिलेली इंग्लिश रहस्यकादंबरी आहे. शेरलॉक होम्स हा खाजगी गुप्तहेर आणि त्याचा मित्र डॉ. जॉन वॉटसन ही पात्रे या कादंबरीतून प्रथम वाचकांसमोर आली. इ.स. १८८७ साली ती प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये झालेल्या दोन खुनांचा तपास हा तिचा वरवरचा विषय आहे. मात्र या खुनांची मुळे वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील युटा प्रदेशात घडलेल्या धार्मिक जुलमात आहेत. त्यामुळे खुनी कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यानंतरही त्याने केलेले कृत्य गुन्हा मानावे की न्याय, हा प्रश्न शिल्लक राहतो. धर्मांधता, सूड आणि न्यायव्यवस्थेचे अपयश ही कादंबरीची तीन प्रमुख आशयसूत्रे असून नंतरच्या अनेक गुन्हेकथांमध्ये ती पुन्हा आढळतात.

लेखन आणि प्रकाशन

डॉयल यांनी ही कादंबरी १८८६ साली लिहिली. त्या वेळी ते इंग्लंडमधील पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे वैद्यकीय व्यवसाय करीत होते. कादंबरीचे आधी योजलेले नाव ‘अ टँगल्ड स्केन’ (गुंतलेली लड) असे होते. आयुष्याच्या रंगहीन गुंत्यातून खुनाचा लाल धागा गेलेला असतो, या होम्सच्या कल्पनेवरून पुढे सध्याचे शीर्षक देण्यात आले.

अनेक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर वॉर्ड, लॉक अँड कंपनी या संस्थेने २५ पौंडांना कादंबरीचे सर्व हक्क विकत घेतले. विक्रीवर मानधन मिळावे, ही डॉयल यांची मागणी मान्य झाली नाही. नोव्हेंबर १८८७ मध्ये ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’ या वार्षिकांकात ती छापली गेली. १८८८ साली निघालेल्या पुस्तकरूप आवृत्तीसाठी लेखकाचे वडील चार्ल्स डॉयल यांनी चित्रे काढली.

कथानकाची दोन भागांतील रचना फ्रेंच लेखक एमिल गाबोरियो यांच्या ‘मस्य लकॉक’ या कादंबरीशी मिळतीजुळती आहे. तेथेही तपासाची कथा मध्येच थांबते आणि गुन्ह्यामागील जुना इतिहास सांगितला जातो. मॉर्मन पंथाशी संबंधित भागावर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन व फॅनी स्टीव्हन्सन यांच्या ‘द डायनामायटर’ (१८८५) या पुस्तकाचा प्रभाव मानला जातो.

कथानक

पहिला भाग

वॉटसन हा ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर असतो. मुंबई बंदरात उतरून तो अफगाणिस्तानातील आपल्या पलटणीकडे जातो. मैवंदच्या लढाईत (१८८०) तो जखमी होतो आणि पुढे पेशावर येथे तापाने आजारी पडल्यावर त्याला मायदेशी पाठवले जाते. लंडनमध्ये त्याची होम्सशी ओळख होते आणि दोघे बेकर स्ट्रीटवरील २२१बी क्रमांकाच्या घरात एकत्र राहू लागतात.

लवकरच ब्रिक्स्टन रोडजवळच्या एका रिकाम्या घरात ईनॉक ड्रेबर या अमेरिकी माणसाचे प्रेत सापडते. अंगावर जखम नसते. मात्र भिंतीवर रक्ताने ‘राखं’ हा शब्द लिहिलेला असतो आणि प्रेताजवळ स्त्रीच्या लग्नाची अंगठी मिळते. लिहिणाऱ्याला ‘रेचेल’ हे नाव पूर्ण करता आले नाही, असे पोलीस निरीक्षक लेस्ट्रेड मानतो. हा सूड या अर्थाचा जर्मन शब्द असल्याचे होम्स दाखवून देतो. दुसरा निरीक्षक ग्रेगसन एका निरपराध तरुणाला अटक करतो. त्यानंतर ड्रेबरचा चिटणीस जोसेफ स्टँगरसन याचाही सुऱ्याने खून होतो. अखेर होम्स जेफरसन होप या गाडीवानाला आपल्या घरी बोलावून बेड्या घालतो.

दुसरा भाग

इ.स. १८४७ मध्ये अमेरिकेतील ओसाड प्रदेशात तहानभुकेने मरणाच्या दारी पोहोचलेला जॉन फेरियर आणि ल्यूसी ही अनाथ मुलगी यांना मॉर्मन पंथीयांचा तांडा वाचवतो. पंथ स्वीकारण्याची अट मात्र घातली जाते. फेरियर युटामध्ये शेती करून श्रीमंत होतो. ल्यूसीला तो मुलगी म्हणून वाढवतो, परंतु तिचे लग्न पंथात करायचे नाही, असा त्याचा निश्चय असतो. ल्यूसीचे जेफरसन होप या पंथाबाहेरील तरुणावर प्रेम जडते. पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग तिने ड्रेबर किंवा स्टँगरसन यांच्या मुलांपैकी एकाशी लग्न करावे, असा आदेश देतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत देतात.

मुदतीचे उरलेले दिवस दाखवणारे आकडे रोज फेरियरच्या घरात कुठे ना कुठे लिहिलेले आढळतात. लिहिणारा कधीच दिसत नाही. शेवटच्या रात्री तिघे पळून जातात. वाटेत होप शिकारीला गेला असताना फेरियर मारला जातो आणि ल्यूसीला परत नेऊन तिचे ड्रेबरशी बळजबरीने लग्न लावले जाते. महिन्याभरातच ती खंगून मरते. अंत्यविधीपूर्वी होप तिच्या बोटातील अंगठी काढून नेतो. त्यानंतर सुमारे वीस वर्षे तो या दोघांचा अमेरिका व युरोपात पाठलाग करतो आणि लंडनमध्ये त्यांना गाठतो.

आशयसूत्रे

धर्मांधता

कादंबरीत धर्मांधता ही मुख्यतः गुप्ततेच्या आणि भीतीच्या स्वरूपात दिसते. फेरियरला कोणीही उघडपणे मारहाण करीत नाही. उलट त्याला वाचवणारे, जमीन देणारे आणि त्याच्या भरभराटीत सहभागी असणारे लोकच त्याचे शत्रू ठरतात. शेजाऱ्यांपैकी सूड उगवणाऱ्या टोळीत कोण आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे मनातली शंका जिवलग मित्राजवळही बोलता येत नाही. दररोज कमी होणारा आकडा हे या दहशतीचे सर्वांत परिणामकारक चित्रण मानले जाते.

मॉर्मन हे स्वतः छळामुळे देशोधडीला लागलेले लोक होते, याची नोंद कादंबरी घेते. छळ सोसलेलेच पुढे छळ करणारे झाले, हा विरोधाभास तिच्या दुसऱ्या भागात मांडलेला आहे.

याच भागातील दुसरा महत्त्वाचा तपशील म्हणजे ड्रेबर आणि स्टँगरसन पुढे पंथातील फुटीनंतर स्वतःच पंथ सोडतात. ड्रेबर आपली मालमत्ता विकून धनवान होतो. ज्या श्रद्धेच्या नावाने फेरियरचा बळी घेतला गेला, ती मारेकऱ्यांच्या दृष्टीने टिकाऊ नव्हती. ड्रेबरला ल्यूसीपेक्षा तिच्या बापाच्या संपत्तीत अधिक रस असल्याचेही कादंबरीत सांगितले आहे. धर्माज्ञेच्या आड लोभ आणि वासना लपलेली असू शकते, असा याचा अर्थ लावला जातो.

सूड

होप हा क्रूर खुनी म्हणून रंगवलेला नाही. अटक झाल्यावर तो शांतपणे आपली हकिगत सांगतो आणि पोलीसही ती लक्षपूर्वक ऐकतात. आपण पोलिसांइतकेच न्यायाचे अंमलदार आहोत, अशी त्याची भूमिका असते. ड्रेबरसमोर तो एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्या ठेवतो. एक विषारी, दुसरी निरुपद्रवी. ड्रेबरने निवडल्यानंतर उरलेली गोळी होप स्वतः गिळतो. निर्णय ईश्वरावर सोपवल्याचे त्याचे म्हणणे असते. ही पद्धत प्राचीन काळातील ‘दिव्य’ या न्यायप्रकाराची आठवण करून देते.

मात्र येथेच सूड घेणारा त्याच्या शत्रूंच्या जवळ येतो. ईश्वराच्या इच्छेचा हवाला देऊन दुसऱ्याच्या मृत्यूची व्यवस्था करणे, हे यंग यांच्या अनुयायांनीही केले होते. आरोपकर्ता, न्यायाधीश आणि दंड देणारा या तिन्ही भूमिका होप एकटाच पार पाडतो. स्टँगरसनच्या बाबतीत तर दिव्याची ही चौकटही मोडते. गोळी निवडण्याऐवजी तो होपच्या अंगावर धावून जातो आणि सुऱ्याने मारला जातो.

भिंतीवरील शब्दही या दृष्टीने लक्षणीय आहे. तो होपने आपल्या नाकातून वाहणाऱ्या रक्ताने, पोलिसांची दिशाभूल करण्यासाठी लिहिलेला असतो. न्यूयॉर्कमधील एका खुनात असाच शब्द आढळून संशय गुप्त संघटनांवर गेला होता, हे त्याला आठवलेले असते. म्हणजे हा खोटा धागा असूनही त्याचा शब्दार्थ खरा ठरतो.

सूडाची किंमतही कादंबरी दाखवते. होपने आयुष्याची वीस वर्षे पाठलागात घालवलेली असतात. उघड्यावरचे जगणे आणि उपासमार यांतून त्याच्या महारोहिणीला जीवघेणा फुगवटा आलेला असतो. ज्या ल्यूसीसाठी हे सारे घडते, तिचे स्वतःचे मत मात्र कथेत कोठेही विचारले जात नाही. प्रथम पंथप्रमुख आणि नंतर सूड घेणारा प्रियकर यांच्या निर्णयांमध्ये तिचा आवाज हरवून जातो.

न्यायाचे अपयश

कादंबरीत कायद्याची यंत्रणा चार वेळा अपुरी पडते. युटामध्ये सत्ता आणि दहशत एकाच हाती असल्याने फेरियरला दाद मागण्याची जागाच नसते. पुढे क्लीव्हलँड शहरात होप ड्रेबरला गाठतो, तेव्हा ड्रेबर व स्टँगरसन दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतात. जामीनदार न मिळाल्याने होपलाच काही आठवडे कोठडीत काढावे लागतात आणि मूळ अपराधी निसटतात. कायद्याचे संरक्षण मिळते ते त्यांना. लंडनमध्ये पोलीस आधी भलत्याच माणसाला पकडतात. शेवटी खरा खुनी हाती लागल्यावर त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्यापूर्वीच तो कोठडीत मरण पावतो.

इतक्या वर्षांनंतर कोणत्याही न्यायालयात या दोघांचा अपराध सिद्ध झाला नसता, असे होप सांगतो. हा युक्तिवाद कादंबरीत कोणी खोडून काढत नाही, पण त्याला मान्यताही दिली जात नाही. होपला फाशी द्यावी की सोडावे, हे ठरवण्याची वेळच त्याच्या मृत्यूमुळे येत नाही. काही वाचकांना ही लेखकाने शोधलेली पळवाट वाटते. दुसऱ्या बाजूने पाहता, उत्तर देण्याचे टाळून कादंबरी तो प्रश्न वाचकाच्या हाती सोपवते. वृत्तपत्रे तपासाचे सर्व श्रेय लेस्ट्रेड व ग्रेगसन यांना देतात. श्रेयाच्या बाबतीतही न्याय होत नाही, अशा उपरोधावर कथा संपते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि टीका

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली केली. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात तुरुंगात असताना जमावाने त्यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार १८५२ साली केला आणि १८९० साली ते अधिकृतपणे थांबवले. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा हा विषय ब्रिटन व अमेरिकेत चर्चेत होता.

११ सप्टेंबर १८५७ रोजी युटातील माउंटन मेडोज येथे स्थानिक मॉर्मन सशस्त्र दलाने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. यंग यांचा त्यात कितपत संबंध होता, याविषयी इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. या प्रकरणात केवळ जॉन डी. ली या एकाच व्यक्तीला शिक्षा झाली. १८७५ मधील पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात तो दोषी ठरला आणि २३ मार्च १८७७ रोजी त्याच ठिकाणी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. कत्तल आणि शिक्षा यांमधील अंतर सुमारे वीस वर्षांचे होते.

असे असले, तरी कादंबरीतील युटाचे चित्र अतिरंजित आणि पूर्वग्रहदूषित असल्याची टीका होते. डॉयल यांनी तोपर्यंत युटा पाहिलेले नव्हते. कादंबरीतील तांड्यात सुमारे दहा हजार माणसे आहेत; प्रत्यक्षात १८४७च्या पहिल्या तुकडीत १४८ जण होते. यंग तिशीतले दाखवले आहेत; प्रत्यक्षात ते पंचेचाळिशीचे होते. कादंबरीतील ‘डॅनाइट’ टोळीचे नाव १८३८ साली मिसूरी राज्यात स्थापन झालेल्या एका गटावरून घेतलेले आहे. धर्मांधतेचा निषेध करताना संपूर्ण पंथालाच खलनायक ठरवणे हाही पूर्वग्रहाचाच प्रकार आहे, असा आक्षेप घेतला जातो. २०११ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या आल्बेमार्ल परगण्यात एका पालकाच्या तक्रारीनंतर ही कादंबरी सहावीच्या वाचनयादीतून वगळण्यात आली.

१९२३ साली डॉयल सॉल्ट लेक सिटीला गेले. तेथे मॉर्मन पंथीयांच्या टॅबरनॅकल या प्रसिद्ध सभागृहात त्यांचे परलोकविद्येवर व्याख्यान झाले.

नंतरच्या गुन्हेकथा

कायदा अपुरा पडल्यावर गुप्तहेराने काय करावे, हा प्रश्न डॉयल यांनी पुढेही हाताळला. ‘द बॉस्कोम्ब व्हॅली मिस्टरी’ (१८९१) या कथेत होम्स एका मरणासन्न खुन्याचा कबुलीजबाब स्वतःजवळ ठेवतो. ‘द अ‍ॅबी ग्रेंज’ (१९०४) या कथेत तो वॉटसनलाच ज्यूरी मानून आरोपीला सोडून देतो. मूळ कादंबरीत मृत्यूने टाळलेला निर्णय येथे होम्स स्वतः घेतो.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (१९३४) या कादंबरीत एका बालिकेच्या अपहरण व खुनातून सुटलेल्या माणसाला बारा जण मिळून शिक्षा देतात. बारा हा आकडा ज्यूरीचा आहे. होप एकटा होता. येथे सूडालाच न्यायालयाचे रूप दिलेले आहे.

रूपांतरे

कादंबरीवर १९१४ साली ब्रिटनमध्ये मूकपट निघाला. १९३३ साली याच नावाने आलेल्या अमेरिकी चित्रपटाचा मूळ कथानकाशी फारसा संबंध नव्हता. १९६८ साली बीबीसीने पीटर कुशिंग यांना होम्सच्या भूमिकेत घेऊन तिचे दूरचित्रवाणी रूपांतर सादर केले.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेतील ‘अ स्टडी इन पिंक’ (२०१०) या भागात गाडीवान, दोन गोळ्या आणि खुन्याचा जीवघेणा आजार कायम आहेत. परंतु युटाचा इतिहास पूर्णपणे वगळला आहे. तेथील खुनी अनोळखी लोकांना मारतो आणि त्याबद्दल त्याच्या मुलांना पैसे मिळतात. भिंतीवरील शब्दाचा विनोदही उलटवला आहे. येथे ‘सूड’ हा अर्थ चुकीचा आणि ‘रेचेल’ हे नाव खरे ठरते. सूडाचे कारण काढून टाकल्यावर दोन गोळ्यांचा प्रसंग बुद्धीची चढाओढ म्हणून उरतो, न्यायनिवाड्याचा राहत नाही.

हेही पाहा

शेरलॉक होम्स
आर्थर कॉनन डॉयल
द साइन ऑफ फोर
मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस