राजसत्तेस वगळून व्यवहार

ज्या राजसत्तेचा अंमल अन्याय्य वाटतो तिच्याशी झगडावे कसे, या प्रश्नास शस्त्र आणि मतपेटी ही दोनच उत्तरे बहुधा दिली जातात. परंतु कॅनडात जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या सॅम्युएल एडवर्ड कॉन्किन याने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या 'न्यू लिबर्टेरियन मॅनिफेस्टो' या पुस्तिकेत ही दोन्ही त्याज्य ठरवून बाजाराचा मार्ग पुरस्कारिला.

उभयपक्षी राजीखुशीने झालेला, परंतु परवाना वा कर चुकविलेला प्रत्येक व्यवहार सरकारचा महसूल तेवढ्यापुरता आटवितो. असे व्यवहार वाढत गेले म्हणजे त्यांतील लोक आपले रक्षक व आपले पंच स्वतःच नेमतील आणि सरकार उपासमारीनेच खंगेल, असा त्याचा सिद्धांत. चोरी व हिंसा यांना मात्र 'लाल बाजार' म्हणून त्याने कटाक्षाने बाहेर ठेविले. कर वा निर्बंध चुकविणारा व्यवहार तत्त्वज्ञानावाचूनही चालतो. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर, शेजारच्या प्रांतात भाव चढला की बंदी असूनही विदर्भातील कापूस चोरवाटेने सीमेपार जाई. भावातील तफावत हेच त्याचे सारे तत्त्वज्ञान!

स्वातंत्र्यवाद्यांत (लिबर्टेरियन विचारवंतांत) गुरुस्थानी असलेल्या मरे रॉथबार्ड याचा कॉन्किनच्या सिद्धांतावरील आक्षेप मार्मिक होता: सोने, जडजवाहीर, अंमली पदार्थ लपवून विकता येतील, पोलाद, सिमेंट आणि मोटारी कशा लपवाव्यात?

पुढे संगणकाने या सिद्धांताची कसोटी घेतली. कॉन्किनच्या विचारांनी प्रभावित झालेल्या रॉस उल्ब्रिक्ट याने २०११ साली 'सिल्क रोड' ही गुप्त आंतरजालीय पेठ उघडली. तेथे मुख्यतः अंमली पदार्थ बिटकॉइनच्या मोबदल्यात विकले जात. माल पोहोचेपर्यंत ग्राहकाची रक्कम पेठेकडे अनामत राही, आणि विक्रेत्याची पत ग्राहकांच्या शेऱ्यांवर ठरे. २०१३ साली अमेरिकी तपासयंत्रणेने ही पेठ बंद पाडली. उल्ब्रिक्ट यास २०१५ साली जन्मठेप झाली व २०२५ साली राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली.

परंतु या पेठेचा कारभार बारकाईने पाहिला तर काय आढळते? प्रत्येक विक्रीवर दलाली कापली जाई, कोणता माल निषिद्ध हे चालक ठरवीत, आणि तंटा उद्भवला तर निवाडाही तेथेच होई. कर, कायदा आणि कचेरी ही तिन्ही अंगे सरकार हद्दपार केल्यावरही परतली. फरक इतकाच, की त्या निवाड्यावर दाद मागण्यास वरिष्ठ न्यायालय नव्हते. बाजारास सरकार नकोसे असेल. निवाडा करणारा मात्र हवाच, आणि त्या निवाडा करणाऱ्यावर अंकुश कोणाचा, याचे समाधानकारक उत्तर कॉन्किनच्या मार्गास अद्याप देता आलेले नाही.