आई, सासू आणि बेणारेबाई

‘इंग्लिश विंग्लिश’मधली श्रीदेवीची सासू आठवते ना? त्या सुलभा देशपांडे. ‘चौकट राजा’तल्या नंदूची आईही त्याच. माझ्यासारख्या गावाकडच्या बायकांना त्या अशाच भेटल्या, कुणाची तरी आई किंवा सासू म्हणून. पण ही त्यांची निम्मीच ओळख झाली.

मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. १९६७ साली तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये त्यांनी लीला बेणारे उभी केली. तीही शिक्षिकाच! लग्नाविना दिवस गेलेल्या या बाईवर खेळातल्या कोर्टात सगळे तुटून पडतात. आपण जे कुजबुजत बोलतो, ते त्या काळी भर रंगमंचावर आलं.

१९७१ साली पती अरविंद देशपांडे आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘आविष्कार’ संस्था काढली. पुढे छबिलदासच्याच हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांना हक्काचं घर मिळालं. मुलांसाठी ‘चंद्रशाला’ही चालवली.

१९८७ साली अरविंदराव गेले. पुष्कळ घरांत अशा वेळी बाईचं बाहेरचं जग तिथंच संपतं. सुलभाताईंनी ना संस्था सोडली, ना अभिनय. नाटक, सिनेमा, मालिका चालूच. २०१२ साली ‘इंग्लिश विंग्लिश’ आला, तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. ४ जून २०१६ला त्या गेल्या.

मला त्यांच्याकडून एवढंच घ्यावंसं वाटतं, वाट्याला आलेली सासू मन लावून करायची, पण आपली ओळख तेवढ्यावर संपू द्यायची नाही. मैत्रिणींनो, आई-सासू तर आपण असतोच. त्याशिवाय आणखी कोण आहोत, एकदा स्वतःला विचारून बघा.