गालाच्या आतली घाई

जीभ गालाच्या आतून एकदा फिरवा बरं. ओलं, गुळगुळीत लागलं ना? हे जे अस्तर जिभेला लागलं, ते पंधरा दिवसांपूर्वी तिथे नव्हतंच! जुन्या पेशी झडून घासाबरोबर पोटात जातात आणि खालून नव्या वर येतात. अंगावरच्या कातडीला याच कामाला महिनाभर लागतो. तोंडाला एवढी घाई कशाला? खान्देशातल्या तोंडालाच विचारा! शेवभाजीचा झणझणीत रस्सा, कळण्याची खरखरीत भाकरी, वर ठेचा. रोज एवढं सोसायचं म्हणजे अस्तर सारखं नवं करावंच लागणार.

एरवी फायद्याची असलेली ही घाई कॅन्सर झालेल्या मुलांना मात्र नडते. जळगाव-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं मुलांना घेऊन मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. 1941 साली सुरू झालेलं हे रुग्णालय. तिथे केमोथेरपी देतात, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं. यातली बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतात. आता औषधाला काय ठाऊक, यातला चोर कोण नि साव कोण! केस गळतात ते यामुळेच, आणि औषधानंतर साधारण आठवड्याभरात तोंड येतं तेही यामुळेच. जुनं अस्तर झडतं, नवं वेळेत तयार होत नाही. मग गालाला, ओठाला, जिभेच्या कडेला लालभडक चट्टे पडतात. साधी थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं.

यातलं एक औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. त्याची करामत ऐका. पेशीला दुभंगायचं असेल तर फॉलिक आम्ल लागतं. मेथीच्या भाजीत असतं ना, तेच. मेथोट्रेक्सेट दिसायला हुबेहूब त्याच्यासारखं. खोट्या किल्लीसारखं ते पेशीच्या कुलपात जाऊन बसतं आणि काम ठप्प! अशी औषधं अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तयार झाली. त्यांतलंच एक 1947 च्या अखेरीस बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं. सुब्बारावांचं नाव शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिला, की डॉक्टर घड्याळ लावून ल्युकोव्होरिन देतात. ते चांगल्या पेशींना वाचवतं. वेळ चुकवून चालत नाही. आणि जीवनसत्त्वाच्या गोळीतही फॉलिक आम्ल असू शकतं, म्हणून तीसुद्धा आपल्या मनाने घ्यायची नसते.

आणखी एक गंमत म्हणजे बर्फ! काही औषधं शिरेतून झटपट दिली जातात आणि रक्तातून लवकर ओसरतात. तेवढा वेळ बर्फाचे तुकडे चघळले, तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. सगळ्याच औषधांना हा उपाय चालत नाही, पण चालतो तिथे मुलं खूश. काही मोठ्या रुग्णालयांत तोंडात लाल प्रकाशाचा सौम्य लेझरही फिरवतात. तो दुखत नाही.

बाकी रोजचं काम साधंच. मऊ ब्रश, आणि नर्सताईंनी सांगितलेल्या मापाने मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा. ठेचा, लिंबू, बट्टीचं टणक कवच काही दिवस बंद. त्याऐवजी मऊ खिचडी, गार दूध, आणि जळगावचं केळं कुस्करून. दुखणं थांबवायचं औषध मागायला लाजायचं नाही. ताप आला तर मात्र रात्र असली तरी ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि तोंडातल्या त्या चट्ट्यांतून जंतू आत शिरतात.

पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या, की दोन-तीन आठवड्यांत तोंड बहुतेक वेळा बरं होतं, तेही सहसा व्रण न ठेवता. घाई इथे कामाला येते!

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र टोपी घालून परत आला, तर त्याच्याशेजारी बिनधास्त बसा. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. तुमची सर्दी मात्र त्याला महागात पडू शकते. नाक गळत असेल त्या दिवशी गप्पा लांबूनच मारा.