शालेय मैदान आणि केबलचा पडदा

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी रचली. सचिन ३२६, विनोद ३४९, दोघेही नाबाद. त्या खेळीचे चित्रण कोठेही नाही. उरले ते आकडे आणि उपस्थितांच्या आठवणी. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा पहिल्या दिवसाच्या ६५२ धावांची वार्ता पसरल्यावर वाहिन्या धावत आल्या. आधी विक्रम, मग कॅमेरा, असाच हा क्रम.

मुंबई-कल्याणची ही स्थिती, तर मिरचीसाठी ख्यात असलेल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावातील कबड्डीची काय कथा? तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा वर चढतात. पहिल्याच पायरीवर हरलेल्या संघाचा खेळ एका सकाळीत संपतो. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शेतात असलेल्या पालकांना तो दिसतही नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या परिसरात २००९ साली केबलव्हिजन कंपनीने ‘एमएसजी व्हर्सिटी’ ही केवळ शालेय क्रीडा व उपक्रमांना वाहिलेली वाहिनी काढली होती. तिच्यामागे बलाढ्य कंपनीचे भांडवल होते. आपल्याकडे एकेकाळी गावचा केबलवाला विसर्जनाची मिरवणूक चित्रित करून संध्याकाळी घरोघरी दाखवीत असे. सेट टॉप बॉक्स आले, प्रक्षेपण मोठ्या वितरकाच्या केंद्रातून कुलूपबंद येऊ लागले आणि गावच्या चित्रफितीला थेट वाट उरली नाही.

तरीही दार पुरते बंद नाही. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार मोठ्या केबल वितरकाला स्वतःच्या वाहिन्या चालवता येतात. स्थानिक आशयासाठी प्रत्येक जिल्ह्यात आणखी दोन वाहिन्यांना मुभा आहे. नोंदणी शुल्क प्रत्येक वाहिनीस एकदाच एक हजार रुपये. खरा खर्च चित्रणाचा व माणसांचा. तोही खेळावर अवलंबून असतो. क्रिकेटला अनेक कॅमेरे आणि अख्खा दिवस लागतो. मुलींच्या कनिष्ठ गटाचे कबड्डीचे मैदान मात्र १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. उंचावरचा एक कॅमेरा ते सहज टिपतो, आणि सामना तासाच्या आत आटोपतो. मुलांना नावाने ओळखणारा शिक्षक समालोचनास बसला की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे बाजारपेठेच्या हाती आहे. दिवाळीत पडद्याखालून सरकणारी जाहिरातीची पट्टी व्यापाऱ्यांना नवी नाही. शेजारच्या घरची मुलगी चढाई करत असताना त्याच पट्टीकडे किती नजरा वळतील, हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला वहीवाचून मांडता येईल. ही पट्टी देणगी म्हणून नव्हे, जाहिरात म्हणून दिली तरच वाहिनी दुसरे वर्ष पाहील.

नियमांत आणखी एक कलम आहे: प्रसारित कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण-चित्रण ९० दिवस जपून ठेवणे बंधनकारक. त्यानंतर ते पुसले तरी चालते. त्याआधी एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवायला पेन ड्राइव्हपुरता खर्च येतो.