रब्बीविना कोकण

कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून ते ‘शनवार तेली’. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शेमाची प्रार्थना एवढंच जपलेलं. शिकवायला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कुठला?

परंपरा सांगते, की दाविद रहाबी नावाचे ज्यू पाहुणे आले आणि त्यांनी इथल्या बायकांपुढे मासळी ठेवली. ज्यूंना वर्ज्य असलेली बिनखवल्यांची मासळी बायकांनी निमूट बाजूला सारली. रहाबींना खूण पटली! मग त्यांनी तिघांना धर्मविधी शिकवून ‘काजी’ नेमलं. या काजींच्या वंशजांनी पुढे गावोगाव फिरून सुंता केल्या, लग्नं लावली. रहाबी नेमके कोणत्या शतकातले, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. तेही रब्बी नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अंमलदार होते.