जहाज रुतले की आधी काय करतात? 'चित्रा'ने दिलेला धडा

पनवेल : ७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी जेएनपीटीतून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारे 'खलिजिया ३' यांची मुंबईजवळ टक्कर झाली. 'चित्रा' कलून उथळ पाण्यात रुतले. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले. तरंगत्या कंटेनरमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. जेएनपीटीचा बराचसा माल पनवेलमार्गे राज्यभर जातो. त्यामुळे समुद्रातल्या अपघाताचा परिणाम थेट रस्त्यापर्यंत पोहोचला.

पहिले काम कोणते?
माणसे वाचवणे. जहाजाने संकटाचा संदेश दिला की मुंबईतील तटरक्षक दलाचे बचाव समन्वय केंद्र नौका आणि हेलिकॉप्टर पाठवते. 'चित्रा'वरील सर्व ३३ जण सुखरूप बाहेर आले.

इंजिन उलटे फिरवून जहाज का काढत नाहीत?
तळ फाटला असेल तर ओढाओढीत भोक मोठे होते आणि जहाज खोल पाण्यात जाऊन बुडू शकते. म्हणून आधी प्रत्येक टाकीतील पातळी मोजतात, जहाजाभोवतीची खोली तपासतात. नुकसान समजल्यावरच पुढचा निर्णय होतो.

मग तेलाचे काय?
जहाजातील इंधन पंपाने दुसऱ्या नौकेत उतरवतात. सांडलेले तेल तरंगत्या बूमने अडवून स्किमरने उचलतात. खारफुटीत शिरलेले तेल मात्र काढणे फार अवघड. 'चित्रा'चे तेल उरण, अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि मासेमारीला फटका बसला.

जहाज सुटते कसे?
वजन कमी करून, टग लावून आणि उधाणाची वाट पाहून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. भांगाच्या भरतीत तेवढे पाणी चढत नाही. २०११ मध्ये खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' हे जहाज वाहत येऊन ३१ जुलैला जुहू-वर्सोवा किनाऱ्यावर रुतले. ते ऑगस्टच्या मध्यावर मोठ्या भरतीतच निघाले.

खर्च कोणाचा?
धोकादायक सांगाडा हटवण्याची जबाबदारी जहाजमालकाची, असे २००७ चा नैरोबी करार सांगतो. भारत २०११ मध्ये त्यात सामील झाला. मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा किंवा हमी सक्तीची आहे. मालक हात वर करून गेला तरी विमा कंपनीकडे दावा करता येतो.

किनाऱ्यावर काही दिसले तर?
वाहून आलेला कंटेनर किंवा पिंप उघडू नका, त्यात रसायन असू शकते. 'चित्रा'च्या काही कंटेनरमध्ये कीटकनाशके होती. तेलाच्या गोळ्यांना उघड्या हाताने शिवू नका. पोलिसांना कळवा. समुद्रात कोणी संकटात दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवा.